सूचना : रविवारचा मलिदा आणि जेवण

सर्व सभासदांना शालोम,

येत्या रविवारी सकाळी 11 वाजता सिनेगॉगच्या (आपल्या ज्यू प्रार्थनास्थळाच्या) हॉलमध्ये मलिदा (पोहे, खोबरं, फळांचा आभाराचा विधी), नंतर एकत्र जेवण. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा आहे. बीपी-शुगरवाले आपल्यात कमी नाहीत, तेव्हा जरा सांभाळून :

• मटण कोशरच (ज्यू धर्मनियमांप्रमाणेच) हवं. रक्त निघावं म्हणून अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात ठेवून तीनदा धुतलं, तरी थोडं मीठ आत मुरतंच. म्हणून रश्श्यात आधी चाखा, मगच मीठ घाला. मागच्या खेपेला माझाच रस्सा खारट झाला होता, कुणी बोललं नाही एवढंच!
• मटणासोबत दुधाचे पदार्थ आपल्यात चालत नाहीत, म्हणून दही, तूप, पनीर अजिबात नको. नारळाचं दूध चालतं. घट्टपेक्षा दुसरं पातळ दूध जास्त वापरा.
• मासे पर-खवल्यांचेच. बांगडा, रावस उत्तम. कोळंबी नाही.
• कोथिंबीर, फ्लॉवर मिठाच्या पाण्यात बुडवून अळ्या नीट बघा.

मलिद्याचे पोहे आणि ओलं खोबरं समिती आणेल. साखर यंदा निम्मी, फळं जास्त. कुरकुर चालणार नाही.

पदार्थ गुरुवारपर्यंत सेक्रेटरींना कळवा. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) लागल्यावर फोन करू नये.

– भोजन समिती