फिलिपिन्समधल्या जोलो बेटाच्या काकांना, ज्यांनी मालकासाठी जागा सोडली

काका,

हे तुम्हाला वाचता येणार नाही. फोनवर इंग्रजीत थँक्यू म्हणून झालंय पण ते फारच कोरडं वाटलं, मनातलं मला मराठीतच सुचतं म्हणून लिहितोय.

दोन वर्षं ती तलवार घरात होती आणि तिला धड नाव नव्हतं. विकणारा म्हणाला इंडोनेशियन खंजीर, पूजेबिजेचा. मग इथल्याच एका स्वयंघोषित एक्स्पर्टने फोटो धड न बघता 'बोलो आहे', म्हणजे तिकडचा कोयता, म्हणून सांगितलं, वर फी पण घेतली! फिलिपिन्समधलं दिसेल ते पातं म्हणजे बोलो. उद्या दांडपट्ट्याला कोणी विळा म्हटलं तर आपलं डोकं फिरेल की नाही?

तुम्ही मात्र आलात, आधी हात धुतलेत, मग दोन्ही तळव्यांवर घेतलीत. जावाचा केरिस भोसकायचा आणि हा दक्षिण फिलिपिन्समधल्या मुस्लिम मोरोंचा क्रिस सपासप कापायचा, दोन्हीकडे धार, तुमच्या ताऊसुग भाषेत कालिस, हे सगळं सांगितलंत. मुठीचं टोक काकातुआचं म्हणालात तेव्हा मी उडालोच, अहो आमचा काकाकुवा तो! मग माझंच बोट धरून मुठीखालच्या रेषेवरून फिरवलंत आणि नख अडकलं. गांग्या, म्हणजे पात्याचा मुठीलगतचा आडवा भाग, वेगळा तुकडा आहे, नंतरच्या काळात नुसती रेघ कोरायचे, म्हणजे हा जुना. माहिती असलेले ढिगाने भेटतात हो, पण समोरच्याला येडा न ठरवता सांगणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला.

पण खरं लिहायचंय ते तलवारीजवळ ठेवलेल्या त्या कार्डाबद्दल. तलवारीसोबत आलेल्या जुन्या चिठ्ठीवर 'जोलो, १९०६' एवढंच होतं, तेच मी हौसेने छापून घेतलं होतं, खाली माझं नाव. त्याच वर्षी मार्चमध्ये तुमच्या जोलोतल्या बुद दाजोच्या डोंगरावर अमेरिकन फौजेने शेकडो मोरो मारले, बायकापोरांसकट, हे मला माहीत होतं तरी कार्ड छापताना डोक्यातच आलं नाही. तुम्ही ते वाचलंत. मला वाटलं आता चिडणार. तुम्ही कार्ड उलटं केलंत, पेन मागितलंत, 'कालिस' लिहिलंत, खाली 'मालक' आणि पुढे नुसती रिकामी रेघ. बोलला काहीच नाहीत.

मी तेव्हापासून कार्ड उलटंच ठेवलंय. बायको म्हणते रिकामं बरं दिसत नाही, काहीतरी लिही. नाही लिहिणार.

आणि हो, रोजे चालू होते म्हणून पाण्याचा घोटही घेतला नाहीत, तिला अजून चुटपुट लागलीये. ईद झाली की या, पुरणपोळी करणारे ती.

मागसुकुल काका, तुमच्या ताऊसुगमधलं थँक्यू. उच्चार चुकला असेल तर आल्यावर सुधारा.