रात्री साडेदहाला फोन उचलणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या रात्री फोन ठेवताना मी घाईघाईत 'थँक्यू' म्हणालो. ते अपुरं होतं, ही रुखरुख तेव्हापासून लागून राहिली आहे. हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण एकट्या ग्रंथपालाच्या भरवशावर सर्व्हर चालवणारी आमच्यासारखी वाचनालयं बरीच आहेत. तुम्ही मला जे समजावलंत, ते त्यांच्याही उपयोगी पडावं.

आमचा 'कोहा', म्हणजे पुस्तकांची देवघेव सांभाळणारा प्रोग्राम, तीन दिवस रोज संध्याकाळी बंद पडत होता. तीच आमची गर्दीची वेळ. काउंटरवर रांग, पडद्यावर डेटाबेसशी संपर्क नसल्याची ओळ आणि माझ्या हातात पुन्हा जुनं देवघेव रजिस्टर. मशीन लावून देणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं होतं: फॉरमॅट मारा, नाहीतर नवीन घ्या. समितीकडे तेवढे पैसे नव्हते. शेवटी तुमच्या आईंनी पुस्तक बदलायला आल्या असताना तुमचा नंबर दिला.

तुम्ही दिवसभराची ड्यूटी करून आला होतात, तरी पहिला प्रश्न विचारलात, "काका, लॉग काय म्हणतोय?" लॉग म्हणजे मशीन स्वतःच लिहीत असलेली नोंदवही. कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये तीन संध्याकाळच्या तीन ओळी सापडल्या, 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस', आणि तिन्ही ठिकाणी बळी एकच, मारियाडीबी, म्हणजे कोहाचा डेटाबेस. मेमरी पुरती संपली की मशीन वाचवायला कर्नल एखादा प्रोग्राम मारतो, आणि सहसा सगळ्यात जास्त मेमरी खाणाराच त्याच्या नजरेत येतो, हे मला त्या रात्री कळलं. त्याच ओळीतला पुढचा आकडा तुम्ही मला वाचायला लावलात. तो जवळजवळ ३ जीबी निघाला. मशीनची रॅम ४ जीबी! डेटाबेसच्या बफर पूललाच, म्हणजे माहिती हाताशी ठेवायला तो मेमरीत राखून ठेवतो त्या जागेलाच, कोणीतरी ३ जीबी देऊन ठेवले होते. आणि मेमरीचा हिशोब दाखवणारी 'फ्री' कमांड दिली तर स्वॅपच्या ओळीत तिन्ही रकान्यांत शून्य. स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की मेमरीतले तुकडे उतरवायला डिस्कवर राखलेली जागा; ती आमच्याकडे नव्हतीच.

डिस्कवर जागा भरपूर होती. मला वाटलं, स्वॅपसाठी आता पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, तोडावं लागणार, आणि माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही म्हणालात, पार्टिशनला हातही लावायचा नाही, साधी फाइल पुरते. ती 'डीडी' या कमांडने बनवायची ठरली, कारण डीडी शून्यं खरोखर लिहून काढतो, फाइलमध्ये पोकळ जागा राहत नाही. तशी पोकळी असली तर स्वॅप चालू करणारी 'स्वॅपऑन' कमांड फाइल घेतच नाही. पण डीडीला ठिकाण चुकीचं दिलं तर तो विचारत नाही, असलेल्यावरच लिहीत सुटतो. म्हणून एंटर दाबण्याआधी तुम्ही मला अख्खी ओळ एकेक अक्षर करून मोठ्याने वाचायला लावलीत. दोनदा. 'ओएफ बरोबर'च्या, म्हणजे कुठे लिहायचं ते सांगणाऱ्या भागाच्या, पुढे फक्त '/स्वॅपफाइल' आहे ना, हे तिसऱ्यांदा. एक एमबीचे ४०९६ तुकडे, म्हणजे ४ जीबी. ते लिहून होईपर्यंत आपण दोघं फोनवर गप्प होतो, कर्सर लुकलुकत होता.

मग फाइलची परवानगी ६००, म्हणजे वाचणं-लिहिणं फक्त मालकाला. का, तेही सांगितलंत: मेमरीतले तुकडे या फाइलमध्ये उतरतात, त्यांत आमच्या सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर असू शकतात, म्हणून ती रूटशिवाय, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याशिवाय, कोणाला वाचता येता कामा नये. हे ऐकून फार बरं वाटलं. सभासदांची माहिती जपणं हे माझंच काम आहे, आणि तुम्हाला ते सांगावं लागलं नाही.

फाइल स्वॅपसाठी तयार करणारं एमकेस्वॅप आणि मग स्वॅपऑन झाल्यावर मी निश्चिंत झालो होतो. तुम्ही नव्हता. रीबूटनंतरही स्वॅप राहावा म्हणून एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना काय जोडायचं त्याच्या यादीच्या फाइलमध्ये, ओळ हवी, आणि तिथली चूक मशीनला सुरू होतानाच अडवू शकते. आधी त्या फाइलची प्रत काढून ठेवायला लावलीत, ओळ टंकून घेतलीत, मग स्वॅप बंद करून एफएसटॅबवरूनच पुन्हा चालू करून पाहायला सांगितलंत. चालू झाला तेव्हाच म्हणालात, "आता रीबूट करा."

स्वॅपीनेस, म्हणजे स्वॅपकडे वळण्याचा मशीनचा कल, ६० वरून १० वर आणला, बफर पूल १ जीबीवर. आणि शेवटी सांगितलंत ते मी भिंतीवर लिहून लावलंय: "स्वॅप म्हणजे रॅम नव्हे, काका. ही डिस्क आहे, रॅमपुढे फारच हळू. आठवडाभर 'व्हीएमस्टॅट' कमांडमधले एसआय आणि एसओ, म्हणजे स्वॅपमधून येणारं आणि स्वॅपमध्ये जाणारं, हे दोन रकाने बघत राहा. तिथे सतत आकडे पळत असतील तर रॅमच घ्यावी लागेल." फोन ठेवला तेव्हा पावणेएक वाजला होता.

आठवडाभर रोज संध्याकाळी बघितलं. दोन्ही रकाने बहुतेक वेळ शून्य. परवा वार्षिक पुस्तकमोजणीचा सगळ्यात मोठा अहवाल काढला, तेव्हा स्वॅपमध्ये दोनशे एमबीच्या आसपास गेले आणि अहवाल पूर्ण निघाला. त्या वेळी काउंटरवर देवघेव चालूच होती. लॉगमध्ये ती ओळ पुन्हा आलेली नाही. रॅमसाठी समितीकडे अर्ज केला आहे, कारण स्वॅप म्हणजे रॅम नव्हे, हे तुमचं म्हणणंही मला पटलंय.

पैशांचा विषय काढला तेव्हा तुम्ही तो तिथेच थांबवलात. निदान एवढं ऐका: दिवाळी अंकांचा गठ्ठा आला की पहिले चार अंक आईंच्या नावावर बाजूला काढून ठेवतो. सुट्टीला गावी आलात की ते न्यायला तुम्हीच या. चहा घेऊ, आणि ती भिंतीवरची ओळ बरोबर लिहिली आहे का तेही बघा.

आपला,
ग्रंथपाल काका