आधी रिकामं पिस्तूल

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीनंतर आई आठ दिवस पुण्याला येते आहे आणि नेमबाजी शिकायला माझ्याबरोबर रेंजवर यायलाही तयार आहे, हे ऐकून फार आनंद झाला. पण बाबा, त्याच फोनवर तुम्ही म्हणालात, "तोवर इथं आपल्या बारा बोरनं दोन बार काढून घेतो तिच्याकडून, भीती मोडेल." कृपा करून हे करू नका. त्यासाठीच सगळं सविस्तर लिहिते आहे.

बारा बोरनं भीती मोडत नाही, मुरते. आवाज दीडशे डेसिबलच्या पुढं जातो आणि एकनळी वजनाला हलकी असल्यानं दस्ता खांद्यात जोरात बसतो. शरीर पहिल्याच बाराला शिकतं की चाप ओढला म्हणजे दणका बसतो. पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा मागं जातो, मनगट खाली झुकतं. याला आम्ही फ्लिंच म्हणतो. एकदा लागलेला फ्लिंच घालवायला महिने जातात. शिवाय परवाना पीक संरक्षणाचा आहे, रानडुकरांसाठी, आणि तुमच्या नावचा. ती बंदूक आईच्या हातात द्यायचीच नाही.

आईची भीती एक नाही, चार आहेत. आवाजाची, धक्क्याची, "चुकून सुटली तर"ची, आणि चौथी बायका बोलून दाखवत नाहीत ती, चारचौघांत हसं होण्याची. प्रत्येकीचा उपाय निराळा, म्हणून नुसतं "घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही.

आई, पहिल्या दिवशी छर्रा भरायचाच नाही. एअर पिस्तूल टेबलावर असेल, नळी लक्ष्याकडं, आणि नळीतून केशरी दोरी आरपार घातलेली. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. ती दिसते आहे तोवर नळी रिकामी, हे लांबूनही कळतं. यात दारू नसते, सिलिंडरमध्ये दाबून भरलेली हवा असते. लिव्हर उघडायची, छर्रा ठेवायची जागा बघायची, बोट लावून बघायचं, लिव्हर बंद करायची. असं वीसेक वेळा, स्वतःच्या हातानं. "चुकून सुटली तर" ही भीती इथंच उतरते, कारण काय झाल्याशिवाय काय होत नाही हे बोटांना कळतं. नळी कायम लक्ष्याकडंच, आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर न ठेवता बाजूला चौकटीला सरळ टेकवायचं. "लोड" ऐकल्याशिवाय भरायचं नाही, "स्टॉप" ऐकलं की बोट बाहेर आणि पिस्तूल खाली. कुणालाही धोका दिसला तर "स्टॉप" ओरडायचा हक्क आहे, अगदी पहिल्या दिवशी आलेल्या बाईलाही.

मग कोरा चाप, म्हणजे छर्रा न भरता नुसताच, ओढायचा, तीस-चाळीस वेळा. एअर पिस्तुलाचा चाप स्पर्धेच्या नियमानं किमान ५०० ग्रॅमचा हवा, म्हणजे दुधाच्या अर्धा लिटरच्या पिशवीएवढा जोर. बोटाचं पहिलं पेर, हळूहळू वाढता दाब, आणि तो कधी सुटला ते आपल्यालाच कळू नये. सुटल्यावरही दोन सेकंद हात तसाच ठेवायचा. नजर लक्ष्यावर नाही, पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर. लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं, धूसरच दिसायला हवं. आठ-दहा सेकंदांत नाही सुटला तर हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचा. ओढूनताणून मारलेला छर्रा हमखास भरकटतो.

पहिला खरा छर्रा पाच मीटरवरून, कोऱ्या पांढऱ्या कागदावर. गोल काढलेले नसले की चुकण्याची धास्ती नाही. दोन्ही हात वाळूच्या पिशवीवर टेकवायचे. ४.५ मिमीचा छर्रा, वजन साधारण अर्धा ग्रॅम, धक्का जवळजवळ नाहीच, आवाज टाळी वाजवल्यासारखा. तरी इअरमफ लावायचा, कारण नवख्या माणसाला शेजारच्या लेनचा आवाज जास्त दचकवतो. पाच छर्रे झाले की थांबायचं, मजा येत असली तरी. दमलेल्या हातानं चुकीच्या सवयी लागतात.

छर्रे खाली डावीकडं जायला लागले तर उजव्या हाताची बाई बहुधा चाप झटकते आहे. ते शब्दांनी सांगून पटत नाही. मग भरायचं काम मी करते, कधी छर्रा घालून, कधी रिकामं, आणि कोणतं आहे ते सांगत नाही. रिकाम्याला नळी झपकन खाली झुकते आणि तिचं तिलाच दिसतं. त्यानंतर पुन्हा रिकामं पिस्तूल. एका छर्ऱ्यामागं पाच कोरे चाप. दहा मीटरच्या स्पर्धेचा कागद १७ सेंटिमीटर चौरस, मधला काळा गोल ५९.५ मिमीचा. आठ दिवसांत छर्रा कागदावर राहिला तरी पुष्कळ.

आई, तोवर घरी करायचं ते एवढंच. एक लिटरची पाण्याची बाटली भरून खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायची, आठ सेकंद धरायची, अर्धा मिनिट विसावा, असं दहा वेळा. खांदा दुखला तर अर्ध्या लिटरची घे. दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून दारावरचा गणपती त्यातून बघ, आणि एकेक डोळा मीट. ज्या डोळ्यानं तो जागचा हलत नाही, तो तुझा नेमाचा डोळा. तुझा चष्मा बायफोकल आहे. वरची काच लांबची, खालची वाचायची, आणि पिस्तुलाची माशी नेमकी दोहोंच्या मध्ये येते. येताना नंबरचा कागद आण, हात पसरून अंतर मोजून डॉक्टरांकडून वेगळी काच करू. बांगड्या हातात राहू देत, फक्त वर सारून रुमालानं बांधू. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात साबणानं धुतल्याशिवाय चहा नाही.

वयाचं म्हणशील तर उत्तर प्रदेशात बागपतच्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर यांनी साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतलं होतं. आणि आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. तू काही पदकासाठी येत नाहीस, मला माहीत आहे.

बाबा, तुम्हीही या, पण मागच्या खुर्चीत बसा. तिच्या मागून हात धरू नका, आकडे सांगू नका, प्रत्येक छर्ऱ्याला "वा" म्हणू नका. एका वेळी एकच आवाज तिच्या कानावर पडायला हवा. तिनं "आज नको" म्हटलं तर त्या दिवशी नको, कारण विचारायचं नाही. निघताना बारा बोर कपाटात कुलपात ठेवा आणि काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या दोन्ही तुमच्याकडं.

तुमची,
मीनू