खेळाडूला नुसते ‘कसं वाटतंय?’ विचारून भागणार नाही

संपादक महोदय,

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की हरलेल्या मुलांवर ‘मनाने कमी पडला’ असा शेरा हमखास मारला जातो. अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने मानसिक आरोग्यासाठी टोकियो ऑलिंपिकमध्ये घेतलेली माघार किंवा नेमबाज अभिनव बिंद्रांनी नैराश्याबद्दल जाहीरपणे सांगितलेले अनुभव यांमुळे ‘खेळाडूंनी बोलते व्हावे’ असे आवाहनही आता ऐकू येते. ते योग्यच आहे. पण बोलायचे तर आपल्याला काय होते आहे हे आधी उमगायला हवे, आणि अनेक खेळाडूंचे घोडे तिथेच अडते.

मानसशास्त्रात याला ‘अलेक्झिथायमिया’ म्हणतात. हे नाव पीटर सिफ्निओस या मानसोपचारतज्ज्ञाने १९७०च्या दशकात रूढ केले. हा आजार नव्हे, स्वभावाची कमी-अधिक ठेवण आहे. सर्वसाधारण लोकांतही दहातल्या साधारण एकात ती ठळक दिसते. भावना ओळखता न येणे, ओळखली तरी सांगता न येणे आणि सगळे लक्ष बाहेरच्या घटनांवर असणे, अशी तिची तीन अंगे.

कबड्डीतली ‘डू ऑर डाय’ चढाई घ्या. तीस सेकंदांत गुण आणायचा, नाहीतर बाद. चढाईपटूची शेवटच्या क्षणी पकड होते. काय झालं, असे विचारले तर तो म्हणतो, “डाव्या कोपऱ्याने घोटा धरला.” तेव्हा कसं वाटत होतं? “काही नाही, सर.” मुलगा उद्धट नाही आणि काही लपवतही नाही. घशाला कोरड पडली होती, तळहात गार पडले होते, पिंढऱ्या ताठल्या होत्या. हे विचारले तर तो बरोबर सांगतो. ही भीती होती एवढेच त्याला जुळवता येत नाही. वर्षानुवर्षे त्याला फक्त पाय कुठे पडला हेच विचारले गेले आहे, आणि रडू आले तेव्हा गप्प बसवले गेले आहे.

याचा फटका शरीराला बसतो. सामन्याच्या सकाळी पोट दुखते, गोळी दिली जाते, पुढच्या सामन्याला पुन्हा तेच. वजन उतरवणाऱ्या कुस्तीगिराला भुकेची चिडचिड, थकवा आणि धास्ती यांतला फरक कळत नाही. मग तो सरावच वाढवतो आणि दुखापत ओढवून घेतो.

उपाय महागडा नाही. काही प्रशिक्षक सरावानंतर अर्ध्या तासाने ‘आज किती कष्ट पडले’ याचा ० ते १० आकडा वहीत घेतात. त्याच ओळीत आणखी तीन रकाने आखावेत: शरीरात कुठे जाणवले, किती (० ते १०), आणि त्याच्या अगदी आधी काय घडले. शेवटी भीती, राग, लाज, हिरमोड, खंत, आनंद, एकटेपणा, सुटल्यासारखे वाटणे अशा आठ-दहा शब्दांतून एकाला खूण. दोन मिनिटांचे काम. ‘माहीत नाही’ हेही उत्तर चालवून घ्यावे. सुरुवातीचे काही आठवडे तेच जास्त येईल. शरीराचा रकाना मात्र रिकामा सोडू देऊ नये, कारण वाट तिथूनच सापडते.

हे फसते ते ठरावीक चुकांमुळे. रांगेत उभे करून सगळ्यांसमोर विचारले की मुले शेजाऱ्याचे उत्तर देतात. हरल्या हरल्या मैदानावरच विचारले तर काहीच हाती लागत नाही. प्रशिक्षकाने ‘तू घाबरलास’ असे स्वतःच ठरवून टाकले, तर मूल पुढे तोच शब्द घोकते. आणि वही एकदा का संघनिवडीसाठी वापरली, की तिच्यातले खरे संपले.

अलेक्झिथायमिया मोजणाऱ्या टोरंटो प्रश्नावलीबद्दलही सावध राहावे. वीस विधाने, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ६१ किंवा अधिक म्हणजे अडचण ठळक. पण ज्याला भावना ओळखता येत नाहीत त्यालाच त्याबद्दल विचारायचे, ही तिची मूळ मर्यादा आहे. तज्ज्ञाच्या हातात ती उपयोगी. मनाने भाषांतर करून शिबिरात वाटली तर निव्वळ आकडे मिळतात. प्राथमिक चाळणीसाठी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मानसिक आरोग्य तपासणीच्या साधनातली दहा प्रश्नांची पहिली पायरी अधिक बरी. तिथे १७ किंवा अधिक गुण आले की पुढची तपासणी करायची असते.

क्रीडा प्रबोधिनीत आणि प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत हे शिकवले जावे, ही शासनाला कळकळीची विनंती. स्नायू ताणायला शिकवतो तितक्याच पद्धतशीरपणे हेही शिकवता येते.

मात्र दोन आठवडे झोप उडाली, वजन विनाकारण घटले, मुलीची पाळी थांबली, तर वहीवर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावे. मुलाने जिवाचे बरेवाईट करण्याचा उल्लेख केला तर त्याला एकटे सोडू नये, पालकांना लगेच बोलवावे आणि १४४१६ या टेली मानस ह्या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर फोन करावा.

— एक क्रीडा समुपदेशक, पुणे