लुडविग्सहाफेनमध्ये खोली शोधून देणाऱ्यांचे आभार

जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या या रसायननगरीत आमच्या माणसांना मुक्काम मिळवून देणाऱ्या, नावं न सांगता मदत करणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. बुकिंगआधी कारखान्याच्या फाटकाचा क्रमांक विचारा, हा तुमचा सल्ला सोन्यासारखा! बीएएसएफ या रसायन कंपनीचा कारखाना नदीकाठाने काही किलोमीटर पसरलाय; चुकीच्या टोकाला हॉटेल घेतलं की सकाळची पाळी हुकते. मुख्य स्टेशनही गावाच्या मध्यात नाही, म्हणून ‘मिटे’ (म्हणजे ‘मध्य’) स्टेशनजवळ पाहायचं. तिथे जागा नसेल तर पूल ओलांडून पलीकडच्या मानहाइम शहरात. ‘गार्नी’ हॉटेलात फक्त नाश्ता, रात्रीचं जेवण नाही. छोट्या हॉटेलांचा स्वागतकक्ष अनेकदा संध्याकाळीच बंद होतो. उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी किल्लीपेटीचा कोड आधीच मागवून ठेवणाऱ्या ताईंचे विशेष ऋण.