काका, ती वही परत करता येणार नाही

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही आधी ऱ्हस्व-दीर्घासाठी वाचाल आणि मग मजकुरासाठी, हे मला ठाऊक आहे. तोंडावर आभार मानले की तुम्ही वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये डोकं घालून "चला, पुढचं कोण?" म्हणता, म्हणून हे असं चारचौघांत लिहायची वेळ तुम्हीच आणलीत. तुमचं नाव कुठेही घातलेलं नाही, वाचनालयाचंही नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातले ज्यांना ओळखायचे ते ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा तुमच्या टेबलापाशी आले आणि "दत्तक मुलांबद्दल काही आहे का?" असं विचारलं. इतक्या हळू विचारलं, की तुम्ही मान वर न करता "दत्तसंप्रदाय पलीकडच्या कपाटात" म्हणालात. मी त्या कपाटापर्यंत गेलेही. गुरुचरित्राच्या तीन प्रती बघून परत आले आणि या वेळी मोठ्यानं विचारलं. पेपर वाचणाऱ्या दोघांनी माना वळवल्या. तुम्ही मात्र दोनच गोष्टी विचारल्यात. मूल साधारण किती वर्षांचं येईल? आणि घरात वाचणारं कोण कोण आहे?

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. आम्हा नवराबायकोचं वय मिळून ९४ होत होतं. चार वर्षांखालचं मूल हवं असेल तर जोडप्याच्या वयाची बेरीज जास्तीत जास्त ९० चालते, चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १००. त्यामुळे आमच्याकडे तान्हं बाळ येणार नाही हे काराच्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पोर्टलवर नाव नोंदवतानाच कळलं होतं. दुसरा प्रश्न मला विचित्र वाटला. मी म्हटलं, मी वाचते, हे फक्त क्रिकेटचं पान वाचतात आणि सासूबाई मराठीतलं सगळं वाचतात, पंचांगाच्या जाहिरातींसकट. "मग त्यांचंच आधी बघायला हवं," तुम्ही म्हणालात. मला तेव्हा थोडा रागच आला. आई मी होणार होते ना!

संक्रांतीनंतर लेक घरी आली. फोटो आणि अहवाल स्क्रीनवर आल्यापासून ४८ तासांत हो-नाही कळवायचं असतं, आम्ही दहा मिनिटांत कळवलं होतं. साडेचार वर्षांची, केस बारीक कापलेले, दोन फ्रॉक आणि एक नाव एवढंच सामान. पहिल्याच आठवड्यात तिच्या उशीखाली अर्धी पोळी सापडली. मग गादीखाली बिस्किटं, मग कपड्यांच्या कप्प्यात मुंग्या लागलेला ढोकळा. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "चोरीची सवय दिसतेय, आत्ताच मोडा." मी तशीच तुमच्याकडे धावले. तुम्ही पानात खुणेची चिठ्ठी घालून पुस्तक तयार ठेवलं होतंत, जणू मी कुठल्या दिवशी येणार हे तुम्हाला माहीत होतं. पुढच्या जेवणाची खात्री नसताना वाढलेलं मूल अन्न साठवतं, त्याला ओरडलात तर जास्त साठवेल, असं त्या पानावर होतं. तिच्या हाताला येईल असा खाण्याचा डबा ठेवा आणि तो कधीही रिकामा होऊ देऊ नका.

आम्ही ओट्याखालच्या फळीवर स्टीलचा डबा ठेवला. लीलो चेवडो, शेंगदाण्याचे लाडू, केळी. तीन महिने ती रोज झोपण्यापूर्वी झाकण उघडून आत बघायची. खायची नाही, नुसतं बघायची. एप्रिलमध्ये एका रात्री ती बघायला विसरली. मी तिच्या जागी जाऊन झाकण उघडून आले.

डब्यापेक्षा अवघड होतं ते तिचं लाघवीपण. कुणाच्याही मांडीवर बसायची. भाजीवाल्याला पप्पा म्हणायची. नातेवाईक खूश, "किती पटकन रुळली!" तुम्ही मात्र गंभीर झालात. खूप हातांतून गेलेलं मूल सगळ्यांनाच आपलं म्हणतं, कारण आपलं म्हणजे नक्की कोण हे त्याला अजून कळलेलं नसतं. सुरुवातीचे काही आठवडे भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं फक्त आईवडिलांनी करावं, पाहुण्यांची ये-जा बेताची ठेवावी, असा सल्ला तुम्ही मला दोन वेगवेगळ्या पुस्तकांतून वाचायला लावलात. मी घरी येऊन फतवा काढला. बारसं नाही, मोठं जेवण नाही, आणि आजीनंही तूर्त घास भरवायचा नाही. आई काही बोलल्या नाहीत. दोन दिवस जेवल्या नाहीत.

तेव्हा तुम्ही ती वही दिलीत. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, वर "आजींसाठी" एवढंच. इंग्रजी पुस्तकांतला मजकूर तुम्ही रात्री बसून टपोऱ्या अक्षरात मराठीत उतरवला होतात, आणि तोही भाषांतर करून नव्हे, समोर बसून सांगावं तसा. पाहुण्यांच्या पानावर तुम्ही लिहिलं होतंत: "आजी, तुम्ही लग्न होऊन या घरी आलात त्या दिवशी किती बायकांनी तुमचा पदर चाचपला, किती जणींनी गाल ओढले ते आठवा. तुम्हाला त्या दिवशी कोण हवं होतं?" मी ते पान वाचून वही गुपचूप त्यांच्या देवघराच्या कट्ट्यावर ठेवली. दुपारी त्यांनी वामकुक्षी घेतली नाही.

नावाचं प्रकरण त्यानंतरचं. मुलीचं नाव बदलावं, छानसं ठेवावं, असा आईंचा हट्ट होता, आणि बडोद्यात या हट्टाला पुरावाही तयार असतो. नाशिककडच्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी जमनाबाईसाहेबांच्या मांडीवर दत्तक बसला आणि सयाजीराव झाला. "महाराजांचं बदललं, तर हिचं काय मोठं?" हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "त्यांना बदल्यात राज्य मिळालं. तुम्ही काय देताय?" त्या दिवशी तुम्ही मला महाराजांची गोष्ट दुसऱ्या बाजूनं सांगितलीत. ते दत्तकविधान गादीला वारस हवा म्हणून झालं, मुलाला घर हवं म्हणून नव्हे, आणि आपल्या डोक्यात दत्तक म्हटलं की अजून तेच येतं: वंश, पिंड, इस्टेट. आताचा कायदा उलट्या टोकाकडून सुरू होतो, मुलाकडून. पण तुम्ही हेही म्हणालात, की लिहितावाचता न येणारं ते मोठ्या वयाचं दत्तक पोर पुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणतं, १९१० साली अमेरिकेतून बॉर्डनसाहेब या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं काढतं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवतं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मी लहानपणापासून गेलेय, काचेच्या जमिनीवरून चालताना घाबरलेय. ती कुणी उभी केली हे माहीत होतं, तो कुणाचा कोण होता हे कधी मनात आलं नव्हतं.

वहीत मात्र तुम्ही महाराजांचा उल्लेखही केला नाहीत. एका कोऱ्या पानावर एकच ओळ होती: "आजी, तुमचं माहेरचं नाव काय होतं?" आणि खाली बरीच मोकळी जागा.

पंचावन्न वर्षांत त्या घरात कुणी त्यांना ते विचारलं नव्हतं. मीही नाही. लग्नात तांदळावर अंगठीनं नवं नाव काढलं की जुनं संपलं. आईंनी त्या जागेत पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि खोडलं. काय ते मी बघितलं नाही. मुलीच्या नावाचा विषय पुन्हा निघाला नाही.

एक पुस्तक तुम्ही मला देत नव्हतात, त्याबद्दल मी तुमच्याशी भांडले होते. नॅन्सी व्हेरियर या अमेरिकन बाईंचं १९९३ सालचं, जन्मदात्या आईपासून तुटण्याची जखम आयुष्यभर राहते असं सांगणारं. "पहिल्या वर्षात नको. तुम्ही प्रत्येक रडण्यात जखम शोधत बसाल," म्हणालात. दीड वर्षानं दिलंत, तेही बजावून, की लेखिका स्वतः दत्तक मुलीची आई आहे, तिचं म्हणणं मनापासूनचं आहे, पण ते सिद्ध झालेलं शास्त्र नाही. मला ते पुस्तक पटलं आणि नाहीही पटलं. त्याउलट डेव्हिड कर्क या चार दत्तक मुलांच्या बापानं १९६४ साली लिहिलेलं पुस्तक रटाळ असूनही माझ्या जास्त उपयोगी पडलं. "आपल्यात आणि इतर घरांत काही फरक नाही" असं म्हणत राहणारी घरं आणि फरक आहे हे मान्य करून त्याबद्दल बोलणारी घरं, हा त्याचा मुद्दा. तोवर लोक "अगदी तुझ्यावर गेलीय" म्हणाले की मी सुखावत असे. आता म्हणते, "नाही हो, तिचे डोळे तिच्या जन्मदात्या आईसारखे असतील." लोक चपापतात. लेक ऐकत असते.

गोष्टींच्या पुस्तकांचं तुम्ही सांगितलंत तेही खरं निघालं. मी उत्साहानं यशोदा-कृष्ण आणि नांगराच्या तासात सापडलेली सीता आणली होती. पहिलीनंतर ती म्हणाली, "मग तो यशोदेला सोडून का गेला?" दुसरीनंतर, "तिला कुणी पुरलं होतं?" दोन्ही पुस्तकं मी दुसऱ्या दिवशी जमा केली. तुम्ही काही बोलला नाहीत, दंडही लावला नाहीत.

शाळेत पहिलीला "मी बाळ असताना" असा तक्ता करायला सांगितला होता: जन्माचं वजन, पहिला दात, तान्हेपणीचा फोटो. आमच्याकडचा सगळ्यात जुना फोटो तिच्या चौथ्या वर्षाचा, संस्थेच्या अहवालातला. तुम्ही म्हणालात, तिची स्वतःची वही करा, आणि ती घरी आल्याच्या दिवसापासून नको, जन्मल्याच्या दिवसापासून सुरू करा. जे माहीत आहे ते लिहा, नाही तिथे "हे आम्हाला माहीत नाही" असंच लिहा. आईला तू फार आवडायचीस म्हणून तिनं तुला दिलं, असलं गोड काही नको. आवडलेल्याला देऊन टाकतात असा त्याचा अर्थ होतो.

गेल्या वर्षी, सात वर्षांची झाल्यावर काही दिवसांतच, कमाटीबागेतून परत येताना स्कूटरवर मागून आवाज आला, "म्हणजे तुम्ही मला घेतलं, त्याच्या आधी कुणीतरी मला नको म्हटलं." सहा ते आठच्या दरम्यान मुलांना हे उमगतं, असं तुम्ही दिलेल्या वाचनात होतं. तरी मला स्कूटर कडेला घ्यावी लागली. मी वहीतल्यासारखंच म्हटलं, "का ते आम्हाला माहीत नाही. तुझ्यात काही खोट होती म्हणून नाही, एवढं माहीत आहे." ती म्हणाली, "शेव उसळ खायची?" आम्ही खाल्ली.

तुमच्याकडे मागे एक जोडपं यायचं, तात्पुरतं पालकत्व घेतलेलं. त्यांना तुम्ही माझी पुस्तकं दिली नाहीत, त्यांच्या मुलाचे आईवडील हयात आहेत, त्याला भेटतात, त्यांची गरज निराळी, असं म्हणालात. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांमुळे अशा पालकांना पाच वर्षांऐवजी दोन वर्षांनी दत्तकासाठी अर्ज करता येतो, हे मात्र तुम्ही त्यांना लगेच कात्रणासकट दाखवलंत. त्यांचं पुढे काय झालं ते भेटीत विचारेन.

आता वहीचं. आईंना मी तीनदा मागितली. पहिल्यांदा म्हणाल्या वाचून व्हायचीय, दुसऱ्यांदा सापडत नाही. काल देवघर आवरताना मला सापडली. मागच्या कोऱ्या पानांवर मार्चपासून दुधाचा हिशोब लिहिलाय, आणि कडेला लेकीनं गायी काढल्यात. म्हणजे आता ती परत येत नाही. नव्या वहीचे पैसे मी रविवारी आणून देते, ते मुकाट्यानं घ्या.

तुमची,
कार्ड नूतनीकरण थकलेली वाचक