‘मूळ’ नाव कोणतं?

महोदय,

कालच्या अंकातला मुंबईच्या हुतात्मा चौकावरचा लेख वाचला. ‘मूळ नाव फ्लोरा फाउंटन; ते बदलण्यात आलं, पण लोकांनी नवं नाव कधी स्वीकारलंच नाही’ हे त्यातलं वाक्य फार लागलं.

मूळ म्हणजे कुठलं? कारंजं १८६४ सालचं. त्याआधी त्या बाजूला किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा होता. हे कारंजं तर आधी राणीच्या बागेत बसायचं होतं आणि गव्हर्नर फ्रिअर यांचं नाव त्याला द्यायचं होतं. दोन्ही बेत फिरले. शिवाय कारंज्यावरची फ्लोरा ही रोमन पुष्पदेवी आजही फ्लोराच आहे, तिचं नाव कुणी काढून घेतलेलं नाही. हुतात्म्यांचं नाव मिळालं ते चौकाला.

ते का मिळालं, यासाठी लेखात जेमतेम एक ओळ. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी विधानसभेकडे निघालेला मोर्चा इथे अडवला, गोळीबार झाला, १५ माणसं गेली. माझे वडील त्या मोर्चात होते. लालबागहून चालत गेले होते. पळापळीत डाव्या पायातली चप्पल गेली, उजवी हातात धरून अनवाणी घरी आले. आईने ती एकटी चप्पल कितीतरी वर्षं माळ्यावर जपून ठेवली होती. हेच वडील शेवटपर्यंत ‘फाउंटन’ म्हणायचे. शाळेत असताना मी एकदा त्यांची चूक काढली, तर म्हणाले, “आम्ही फाउंटनलाच गेलो होतो रे. हुतात्मा चौक झाला तो नंतर.” ते जुनं नाव घेत, म्हणून त्यांनी नवं नाकारलं असं कोण म्हणेल? काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला, तरी लोक त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले. तोंडात बसलेलं नाव आणि मनातला मान यांची अशी गल्लत करू नये.

आणखी एक. चौकातल्या हुतात्मा स्मारकाच्या छायाचित्राखाली ‘मशाल घेतलेले दोन सैनिक’ असं छापलंय. ते सैनिक नाहीत, एक शेतकरी आहे, एक कामगार. ज्यांच्यासाठी ते स्मारक उभं राहिलं, त्यांची ओळख तरी चुकवू नका. दुरुस्ती छापावी, आणि ती त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, परळ